बर्फ टाकायचा कुठे?

ज्या प्रदेशात पावसाचे पाणी पडते आणि ओढ्यानाल्यांनी निघून जाते, तेथील माणसाला बर्फाच्या बाबतीत एक गोष्ट चटकन उमगत नाही. ती ही की कडाक्याच्या थंडीच्या देशात आकाशातून पडलेला बर्फ जिथे पडला तिथेच ठाण मांडून बसतो, आणि थरावर थर चढत गेले तरी वसंताची चाहूल लागेपर्यंत हलण्याचे नाव काढीत नाही. कॅनडातील माँट्रियाल हे सेंट लॉरेन्स नदीच्या एका बेटावर वसलेले महानगर; तेथे एका हिवाळ्यात सरासरी दोन मीटरांच्या आसपास, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून जाईल इतका बर्फ पडतो. तो हटविण्यासाठी तेथील महापालिकेने जो बंदोबस्त केला आहे, त्याचा विस्तार पाहून प्रथम मन थक्क होते. परंतु अधिक बारकाईने पाहिले असता असे ध्यानात येते की या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. ऐन हिवाळ्यात बर्फ नाहीसा करता येत नाही, केवळ त्याची जागा बदलता येते. तेव्हा तो कोणाच्या दारातून उचलावा आणि नेऊन कोणाच्या दारात टाकावा?

एके काळी हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. रहदारी जोवर घोड्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांची होती, तोवर दाबून सपाट केलेला बर्फ ही अडचण नसून उलट सोयच होती. १८९२ साली माँट्रियालमध्ये विजेची ट्राम सुरू झाली आणि तिच्या रुळांवर बर्फ साचून चालेना. पुढे मोटारी आल्या, त्यांना तर सबंध रस्ताच मोकळा हवा झाला. नांगराने बर्फ लोटावा, तर तो फक्त कडेला जातो आणि दुकानदाराच्या उंबऱ्याशी ढीग होऊन बसतो. ही कोंडी फोडली ती आर्थर सिकार या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या गृहस्थाने. बर्फ कापून आत ओढणारे आणि नळकांड्यातून दूर फेकणारे यंत्र त्याने १९२५ साली सिद्ध केले, आणि १९२७ साली लगतच्याच उत्रमाँ नगरपालिकेने ते खरेदी केले. नांगर बर्फ लोटतो, हे यंत्र तो उचलते. आणि उचललेला बर्फ मालमोटारीत भरून हद्दीबाहेरही नेता येतो. आजची सारी व्यवस्था या एका भेदावर उभी आहे.

बर्फ पडू लागला की प्रथम मिठाच्या गाड्या बाहेर पडतात. सुमारे अडीच सेंटिमीटर थर साचला म्हणजे नांगर रस्ते खरवडू लागतात, आणि थर दहा ते पंधरा सेंटिमीटरांपर्यंत गेला म्हणजे बर्फ भरून नेण्याचा हुकूम सुटतो. रस्ते, पदपथ आणि सायकलींचे मार्ग मिळून सुमारे १०,००० किलोमीटरांचे हे जाळे एकाच वेळी साफ होणे अशक्य, म्हणून त्याचा अनुक्रम ठरलेला असतो: इस्पितळांकडे जाणारे, बसगाड्यांचे आणि मोठ्या रहदारीचे रस्ते आधी, त्यांना जोडणारे रस्ते नंतर, आणि वस्तीतल्या गल्ल्या सर्वांत शेवटी. आपली गल्ली शेवटी का, अशी कुरकुर ज्याला करावीशी वाटेल, त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की त्याच्या घरी रुग्णवाहिका यायची झाली, तरी ती आधी हमरस्त्यावरूनच येणार आहे.

बर्फभरणीचे काम जवळून पाहण्यासारखे असते. काम सुरू होण्यापूर्वी काही तास गल्लीत नारिंगी फलक लागतात आणि अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत येथे गाडी उभी करू नये, अशी ताकीद मिळते. मुदत भरली की गाड्या ओढून नेणारा ट्रक भोंगा वाजवीत गल्लीतून फिरतो. त्या आवाजासरशी कोणी अंगात कोट अडकवीत जिना उतरून धावत येतो, आणि जो येत नाही त्याची मोटार ओढून जवळच्या एखाद्या मोकळ्या जागी नेऊन ठेवली जाते व दंडाचा भुर्दंड त्याच्या माथी बसतो. मग रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे, पदपथाएवढेच रुंद असे एक छोटे यंत्र पदपथावरचा बर्फ रस्त्यात लोटते. नांगर त्याची एक लांबलचक ओळ रचतात. त्या ओळीवरून फेकयंत्र चालू लागते आणि त्याच्या बगलेने, त्याच्याच गतीने, मालमोटार चालते. एक भरली की ती निघून जाते, मागची तिच्या जागी येते, आणि यंत्राला थांबावे लागत नाही. या ओळीत एकच मोटार उभी राहिली तर तिच्याभोवतीचा बर्फ तसाच राहतो, गोठून दगडासारखा कठीण होतो, आणि एका माणसाच्या दिरंगाईची किंमत साऱ्या गल्लीला मोजावी लागते.

मिठाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. मीठ बर्फाला तापवीत नाही. ते त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या सूक्ष्म थरात विरघळते, आणि खारे पाणी गोठण्यास गोड्या पाण्यापेक्षा अधिक थंडी लागत असल्यामुळे बर्फाची रस्त्यावरील पकड सुटते. पारा उणे पंधराच्या खाली उतरला की साध्या मिठाचा हा गुण जवळजवळ संपतो. मग बारीक खडी पसरतात, जी बर्फ वितळवीत नाही, फक्त पायाला आणि चाकाला आधार देते. मीठ तरी कुठे नाहीसे होते? ते मोटारींचे पत्रे आणि पुलांच्या काँक्रीटमधील सळया गंजवीत, झाडांची मुळे जाळीत अखेर नदीनाल्यांत उतरते. रस्त्यांवर पसरले जाणारे मीठ पर्यावरणास अपायकारक आहे, असा निष्कर्ष कॅनडाच्या सरकारी तपासणीने २००१ सालीच काढला.

उचललेल्या बर्फाचीही गत तीच. पूर्वी तो मालमोटारींनी सरळ सेंट लॉरेन्सच्या पात्रात ओतला जाई. परंतु रस्त्यावरचा बर्फ म्हणजे मीठ, तेल आणि कचरा यांचे मिश्रण, म्हणून ती वहिवाट पुढे बंद करण्यात आली. आता त्याचा काही भाग ठरवून दिलेल्या जागी गटारांत सोडून सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे धाडतात, काही मोकळ्या मैदानांवर रचतात, आणि फार मोठा वाटा सेंट मिशेल भागातील फ्रान्कों नावाच्या चुनखडीच्या जुन्या खाणीत लोटतात. मालमोटारींच्या एका हिवाळ्यातील सुमारे तीन लाख खेपांपैकी पुष्कळ खेपा या खाणीच्या कड्यावर येऊन रित्या होतात. तळाशी बर्फाचा डोंगर उभा राहतो आणि भर उन्हाळ्यातही तो पुरता विरघळलेला नसतो. याच कष्टकरी वस्तीतल्या मिरों नावाच्या दुसऱ्या खाणीत शहराचा कचराही अनेक वर्षे पडत होता. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी किती वर्षे सोसला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या योगायोगाचे आश्चर्य वाटणार नाही.

बर्फ कोणाच्या दारात टाकावा हा जो प्रश्न शहराला, तोच नागरिकालाही. आपल्या अंगणातील बर्फ सार्वजनिक रस्त्यावर वा पदपथावर लोटणे हा दंडनीय अपराध आहे, कारण तेथे तो अंधाची, चाकाच्या खुर्चीची वा बाबागाडीची वाट अडवितो. मोटारीच्या टपावरचा बर्फ न झाडता निघाल्यास तो मागून येणाऱ्याच्या काचेवर उडतो. म्हणून तो झाडणे कायद्याने बंधनकारक आहे. माँट्रियाल ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तेथे १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. अडकलेली मोटार चालू करण्यापूर्वी धूर सोडणारी नळी मोकळी आहे ना, हे आधी पाहावे. ती बर्फाने बुजली असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू आत साचून बसलेल्याचा प्राण घेऊ शकतो. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांत मुलांना भुयारे खणू देऊ नयेत, कारण ढीग उचलणाऱ्या चालकाला आतले मूल दिसत नाही.

फावड्याने बर्फ उपसणे हे निरुपद्रवी काम वाटते. पण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या असताना ओल्या बर्फाचे वजन उचलल्याने हृदयावर मोठा ताण पडतो. क्वेबेकमधील नोंदींवर आधारलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वीसेक सेंटिमीटर बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू येण्याचा धोका ३४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. मुलांकडे म्हणून हिवाळ्यात कॅनडाला जाणाऱ्या आपल्याकडील साठीपुढच्या मंडळींनी, मुलगा कामावर गेला असता दार मोकळे करून ठेवण्याचा उत्साह आवरावा. उपसणे भागच असेल तर फावडे थोडे थोडे भरावे, शक्यतो बर्फ उचलण्याऐवजी लोटावा, आणि छातीत कळ येताच काम टाकावे. चालताना पावले लहान, सपाट टाकावीत आणि हात खिशाबाहेर ठेवावेत. डांबरावर गोठलेला पारदर्शक पातळ थर नजरेला दिसतच नाही.

यंत्रे, मीठ आणि मनुष्यबळ यांवर माँट्रियालची महापालिका दर हिवाळ्यात कोट्यवधी डॉलर खर्च करते. पण भोंगा ऐकून वेळेवर मोटार हलविणाऱ्या आणि स्वतःचा बर्फ स्वतःच्या हद्दीत ठेवणाऱ्या रहिवाशावाचून तो खर्च अपुराच पडतो. आपल्या ओझ्याचा भार शेवटी कोणावर पडतो हे ज्याने आधी पाहिले, त्याचेच अंगण खऱ्या अर्थाने साफ झाले, असे म्हणावे लागेल.