दोन संपर्क सत्रांमधील संवाद : मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• दोन संपर्क सत्रांच्या मधल्या काळात मार्गदर्शकाशी संवाद का आवश्यक आहे, हे स्पष्ट करता येईल.
• उत्तर देता येईल असा नेमका संदेश लिहिता येईल.
• अडचण, विलंब आणि मतभेद योग्य शब्दांत कळवता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुक्त शिक्षणपद्धतीत विद्यार्थी आणि शिक्षक रोज भेटत नाहीत. संपर्क सत्राच्या दिवशी तुम्ही अभ्यासकेंद्रावर येता, समंत्रकांशी बोलता आणि पुन्हा आपापल्या कामाला लागता. निलंगा तालुक्यापुरता विचार केला, तर औराद शहाजानी किंवा कासार शिरसी परिसरातून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याचा अख्खा दिवस या भेटीसाठी जातो. त्या दिवसाची मजुरी, दुकान किंवा घरचे काम बाजूला ठेवावे लागते. सोयाबीनच्या काढणीत किंवा लग्नसराईत एखादे सत्र चुकले, की पुढची भेट आणखी लांबते. अभ्यास मात्र या मधल्या काळातच होतो आणि अडतो तोही याच काळात. म्हणून या काळातील संवाद हा अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे.

२. विषय-विवेचन

२.१ मौन का पडते?

अभ्यास सोडून देणारा विद्यार्थी बहुधा तसे कळवून सोडत नाही. एक अडचण येते. ती पुढच्या सत्रात विचारू, असे तो ठरवतो. तोवर स्वाध्याय मागे पडतो. मग ‘इतके दिवस काहीच केले नाही, आता कोणत्या तोंडाने विचारावे?’ असे वाटून सत्राला जाणेही टळते. मूळ अडचण लहानच असते. मौनाने ती मोठी होते.

या मौनामागे पुष्कळदा आदराची भावना असते. गुरुजनांपुढे कमी बोलावे, त्यांना त्रास देऊ नये, हा संस्कार आपल्याकडे खोल रुजलेला आहे. वर्गात त्याने फारसे बिघडत नाही, कारण विद्यार्थ्याचा चेहरा पाहून शिक्षकाला अडचण ओळखता येते. दूरशिक्षणात समंत्रकांना तुमचा चेहरा दिसत नाही. तुम्ही जे लिहाल, तेवढेच त्यांना कळते. येथे पूर्वतयारी करून थोडक्यात विचारणे, हाच खरा आदर होय.

२.२ संदेशाची चार अंगे

समंत्रकांकडे अनेक विद्यार्थी असतात. मागील भेटीत काय ठरले, हे प्रत्येकाच्या बाबतीत त्यांच्या लक्षात असेलच असे नाही. म्हणून तुमच्या संदेशात पुढील चार गोष्टी असाव्यात.

(अ) संदर्भ : तुम्ही कोण, कोणत्या अभ्यासक्रमाचे आणि मागील भेटीत काय ठरले होते.
(आ) झालेले काम : ठरल्यापैकी किती पूर्ण झाले, किती राहिले.
(इ) अडचण आणि स्वतःचा विचार : नेमके कोठे अडले आणि त्यावर तुम्हांला काय सुचते.
(ई) प्रश्न आणि मुदत : एकच स्पष्ट प्रश्न आणि उत्तर केव्हापर्यंत मिळाल्यास उपयोग होईल.

यांपैकी तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे. ‘मला समजत नाही’ या वाक्याला समंत्रकांनी कोठून उत्तर द्यावे? ‘मला असे वाटते, ते योग्य आहे का?’ या वाक्यात मात्र तुमच्या विचाराची दिशा दिसते. ती चुकली असेल, तर नेमकी चूकच दुरुस्त करता येते.

२.३ एक उदाहरण

समजा, निलंगा परिसरातील एक विद्यार्थिनी जात्यावरच्या ओव्या गोळा करून प्रकल्प लिहीत आहे. तिचा पहिला संदेश असा :

‘मॅडम, प्रकल्प अडला आहे. मार्गदर्शन करावे.’

आता दुसरा संदेश पाहा :

‘आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मी बी.ए. तृतीय वर्ष, मराठी (नाव, नोंदणी क्रमांक). मागील सत्रात आपण मला चाळीस ओव्या जमवण्यास सांगितले होते. तीन गावांतून एकतीस मिळाल्या; सांगणाऱ्या बायकांची संमती घेतली असून गाव व तारीख नोंदवली आहे. अडचण लेखनाची आहे. काही शब्द आमच्या बोलीतले आहेत, काही कन्नड वळणाचे वाटतात. ते ऐकले तसेच लिहावेत आणि अर्थ तळटीपेत द्यावा, असे मला वाटते. हे योग्य होईल का? येत्या रविवारी मी मुद्रित प्रत लिहावयास बसणार आहे. त्यापूर्वी कळवल्यास उपकार होतील.’

पहिल्या संदेशाला उत्तर देण्यापूर्वी मॅडमना पाच प्रश्न विचारावे लागतील. दुसऱ्याला दोन ओळी पुरतात : ओवी बोलीतच ठेवा, कारण बोली हाच तुमच्या अभ्यासाचा पुरावा आहे, तळटीपेचा विचार योग्य आहे. निलंगा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून असल्याने तेथील बोलीत शेजारच्या भाषेचे शब्द येणे स्वाभाविक आहे. ते ‘शुद्ध’ केले, तर प्रकल्पाचे मोलच कमी होईल. एका नेमक्या प्रश्नामुळे हे नुकसान टळले.

२.४ वेळ, माध्यम आणि पाठपुरावा

दूरध्वनी करावा की लेखी संदेश पाठवावा, कोणत्या वेळी पाठवावा, हे पहिल्याच सत्रात समंत्रकांना विचारून घ्यावे. तारखा, परीक्षा अर्ज यांसारखे सर्वांचे प्रश्न गटात विचारावेत; स्वतःच्या लेखनाविषयीचे स्वतंत्रपणे. आठवडाभर उत्तर न आल्यास मूळ संदेशाचा उल्लेख करून एकदा नम्र स्मरण द्यावे. तोवर जो भाग अडलेला नाही, तो पुढे न्यावा.

उत्तर मिळाल्यावर संवाद संपत नाही. दिलेली सूचना वहीत तारखेसह लिहावी, ती अमलात आणावी आणि काय झाले ते एका ओळीत कळवावे. स्वाध्यायाचे उत्तर लिहून देण्याची अपेक्षा मात्र समंत्रकांकडून ठेवू नये. वाट दाखवणे त्यांचे काम, चालणे तुमचे.

२.५ वाईट बातमी आणि मतभेद

काम बुडाले, उशीर झाला किंवा मार्गदर्शकाचे मत पटले नाही, तर लिहिणे अधिक अवघड वाटते. या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. १९१७ साली आंबेडकर भारतात परतले, तेव्हा महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान असलेले जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले आणि प्रबंधाचे हस्तलिखित नष्ट झाले. १९२२ मध्ये लंडनहून सेलिग्मन यांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी हस्तलिखित गमावल्याचे सरळ सांगितले आणि त्याच वाक्यात नवा प्रबंध लिहून काढल्याचेही कळवले. नुकसान आणि पुढचे काम, दोन्ही एकत्र. १९२५ साली त्यांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह.

दुसरी गोष्ट लंडनची. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत प्रा. एडविन कॅनन यांनी, आंबेडकरांच्या बऱ्याचशा टीकेशी आपण सहमत नाही आणि हे त्यांनाही ठाऊक आहे, असे नमूद केले. म्हणजे मतभेद दोघांमध्ये उघड होता. तरीही विद्यार्थ्याने प्रस्तावना घेतली आणि गुरूने ती दिली. पुराव्यासह आणि सौम्य शब्दांत मांडलेल्या मतभेदाने नाते तुटत नाही.

३. सारांश

दूरशिक्षणात मार्गदर्शकाला तुमच्या शब्दांवाचून तुमची स्थिती कळत नाही. संदर्भ, झालेले काम, अडचण व स्वतःचा विचार, एक प्रश्न व मुदत ही चांगल्या संदेशाची चार अंगे होत. विलंब लपवू नये. तो पुढील योजनेसह कळवावा. लहान अडचण लहान असतानाच विचारली, तर अभ्यास खंडित होत नाही.

४. सरावासाठी स्वाध्याय

(१) मागील संपर्क सत्रानंतर तुमचे काम कोठे अडले आहे? त्याविषयी समंत्रकांना सुमारे शंभर शब्दांचा संदेश लिहा आणि वहीत न ठेवता पाठवा.
(२) आदर आणि संकोच यांतील फरक तुमच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.