ईश्वराचा पुरावा मागणे हे पाश्चात्त्य खूळ नव्हे

‘देव आहे का?’ असा विषय निघाला की कोणीतरी हमखास सुनावतो, ‘‘ही पाश्चात्त्यांची थेरं! आपल्याकडे एक चार्वाक सोडला तर असली शंका कुणी घेतली नाही.’’ हे इतक्या ठसक्यात सांगितले जाते की ग्रंथ उघडून पाहायचे कुणाला सुचतच नाही.

मग उघडूच. कुमारिल भट्ट, सुमारे ७वे शतक. वेदप्रामाण्याचा याहून कडवा कैवारी सापडणे कठीण. पण ‘श्लोकवार्तिका’त हेच कुमारिल जगाच्या कर्त्याची उलटतपासणी घेतात. त्याला शरीर नव्हते, तर सृष्टी घडवली कशी? शरीर होते, तर ते कोणी घडवले? दयेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी दया करायला होते कोण? आणि एवढा दयाळू, तर जगात दुःख का? तो कर्मानुसारच फळ देतो म्हणाल, तर सूत्रे कर्माच्या हाती. ईश्वर हवा कशाला? ग्रंथारंभी शिवाला वंदन करणाऱ्या पंडिताचे हे प्रश्न आहेत. मीमांसकांचा हिशेब सरळ होता : वेद अपौरुषेय, त्यांना कर्ता नको; जगालाही नको. पुढच्या काही मीमांसकांनी ईश्वराला जागा दिली हे खरे, पण त्यामुळे कुमारिलांचे प्रश्न पुसले जात नाहीत.

समोरचा पक्षही लेचापेचा नव्हता. घट आहे म्हणजे कुंभार आहे. तसेच जग हे कार्य, म्हणून त्याला कर्ता हवा, हे नैयायिकांचे अनुमान. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ रचली ती ईश्वरसिद्धीसाठीच. उलट ११व्या शतकात बौद्ध रत्नकीर्तीने अशा अनुमानांच्या खंडनासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’चे काम प्रकृती आणि पुरुष यांवरच भागते. आणि भक्तिमार्गाचे आचार्य रामानुज? ‘श्रीभाष्या’त तेही कुंभाराचे अनुमान मोडीत काढतात. मोठी कामे अनेकांच्या हातून होताना दिसतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? ईश्वर शास्त्रातून कळतो, अनुमानातून नव्हे, असे त्यांचे मत. म्हणजे पुराव्यात खोट काढणारे सगळेच नास्तिक नव्हते!

आता फुटकळ गैरसमज.

‘देव नाकारला की नीती बुडते.’ जगत्कर्ता न मानणाऱ्या जैनांइतकी कडक अहिंसा कोणी पाळली?

‘कांटने देव खोटा ठरवला.’ १७८१ च्या ग्रंथात त्याने देवाच्या अस्तित्वाची प्रमाणे खोडली. नीतीच्या आधाराने श्रद्धेला जागा ठेवली.

‘पास्कलने गणिताने देव सिद्ध केला.’ अजिबात नाही. बुद्धीने हा निकाल लागत नाही, हे गृहीत धरूनच त्याने पैज मांडली.

‘चार्वाकाला आपल्या पंडितांनी ऐकूनच घेतले नाही.’ १४व्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’ वेदान्त्याचा. त्याचे पहिलेच प्रकरण चार्वाकाचे. शंका असेल त्यांच्यासाठी वासुदेवशास्त्री अभ्यंकरांची सटीक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ मध्येच छापली आहे. आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, मग खंडन करायचे, ही आपल्याकडची जुनी शिस्त. देव माना वा मानू नका. परंपरेच्या नावाने बोलायचे, तर निदान ती शिस्त तरी पाळा.