कायदा आणि विवेक (भाग ५) : ब्रूमफील्ड यांच्यासमोर आलेली तीन प्रकरणे

गेल्या आठवड्यात आपण अथेन्सच्या तुरुंगापाशी थांबलो होतो. मित्रांनी पळून जाण्याची सोय केली असताना सॉक्रेटिसाने ती नाकारली. ज्या कायद्यांच्या आधाराने आयुष्य काढले ते अंगावर आले म्हणून झुगारणे त्याला पटले नाही. पण सॉक्रेटिस त्या नगराचा नागरिक होता. कायदे करणाऱ्या सभेत त्याला जागा होती. ज्यांना कायदा करताना कुणी विचारलेच नाही, त्यांनी काय करावे? त्यासाठी मुंबई इलाख्यातल्या रॉबर्ट ब्रूमफील्ड या इंग्रज न्यायाधीशाची कारकीर्द पाहू.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजी त्यांच्यासमोर उभे होते. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांवरून राजद्रोहाचा आरोप होता. गांधीजींनी तो कबूल केला आणि न्यायाधीशांना सांगितले की, हा कायदा तुम्हाला योग्य वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या, वाटत नसेल तर राजीनामा द्या. ब्रूमफील्ड यांनी १९०८ मधील टिळकांच्या शिक्षेचा दाखला देत सहा वर्षांची कैद सुनावली. पुढे सरकारने ती कमी केली तर आपल्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, असेही ते म्हणाले.

कायदेभंगाच्या नैतिकतेची चर्चा बहुधा इथेच संपते: कायदा उघडपणे मोडा, हिंसा करू नका, शिक्षा भोगा. या कसोट्या खऱ्या आहेत. कर बुडवणाराही कायदा मोडतो, पण लपून मोडतो, कारण त्याला कायदा बदलायचा नसतो, स्वतःपुरती सूट हवी असते. मात्र या खटल्यापुरती एक गोष्ट सोपी होती. गांधीजी आणि त्यांच्याबरोबर शिक्षा झालेले शंकरलाल बँकर, दोघेही आपल्याच निर्णयाची किंमत मोजत होते.

१९२८ मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरायचे नाकारले. वाढ बावीस टक्क्यांची होती. जप्त्या झाल्या, गुरे ओढून नेली. अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली, तिच्यावर ब्रूमफील्ड होते, आणि चौकशीत सुमारे सहा टक्केच वाढ योग्य ठरली. कायदा मोडणाऱ्यांचे म्हणणे सरकारी अधिकाऱ्यांनीच बव्हंशी खरे ठरवले. अर्ज-विनंत्या आधी झाल्याच होत्या. चौकशी मिळाली ती सारा थांबल्यावर.

तिसरे प्रकरण महाडचे. मला ते या तिन्हींत सर्वांत अवघड वाटते.

मार्च १९२७ मध्ये महाडला आंदोलकांपैकी कुणीच कायदा मोडला नव्हता, हे आपण सहज विसरतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला होता. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते या हक्काने. मोडली ती रूढी. कायदा मोडला तो त्यानंतर मंडपात घुसून लोकांची डोकी फोडणाऱ्यांनी. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा लावून महाडच्या न्यायालयातून मनाई हुकूम आणला. हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. कलेक्टरने सभेत येऊन हुकूम पाळण्याचे आवाहन केले. आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन मात्र झाले. न्यायालयाचा हुकूम पाळला, आणि ज्या ग्रंथाच्या नावाने पाणी नाकारले जात होते तो जाळला.

तो हुकूम अन्यायाचा होता यात मला शंका नाही. तो मोडणे चूक ठरले असते असेही मी म्हणणार नाही. तरी थांबण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. इथला प्रतिपक्ष सरकार नव्हता, सवर्ण समाज होता. सरकारलाही अंगावर घेतले असते तर उरलेला एकमेव आधार गेला असता. शिवाय किंमत नेत्याने एकट्याने मोजायची नव्हती. मार्चमध्ये घरी परतणाऱ्यांना वाटेत आणि गावोगाव मार बसला होता. ज्याला उद्या त्याच गावात, त्याच लोकांच्या शेतावर राबायला जायचे आहे, त्याच्या वतीने कायदा मोडायचे ठरवणे हे स्वतः तुरुंगात जाण्यापेक्षा फार जड काम आहे. विवेक माझा आणि मार दुसऱ्याला, हा व्यवहार नैतिक ठरण्यासाठी त्या दुसऱ्याची केवळ तयारी पुरत नाही. त्याच्या जिवाचा हिशेब आपण मांडलेला असावा लागतो.

तळ्याचा तो दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयात ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे आला. निकाल १७ मार्च १९३७ चा, गांधीजींच्या शिक्षेला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस कमी. विरोधकांना आपली रूढी अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. पण ती रूढी सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. तळे जिंकले ते पुराव्याच्या अभावी. माणसाला पाणी नाकारणे अन्याय आहे, हे न्यायालयाने सांगितलेच नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी कायदेभंग आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडायला हवेत असे बजावले. सनदशीर मार्ग नव्हता तेव्हा त्यांना समर्थन होते, तो मिळाल्यावर नाही. हे भाषण आंदोलकांना गप्प करण्यासाठी वारंवार पुढे केले जाते. पण हे सांगणाऱ्या माणसाने एका तळ्यासाठी जवळजवळ दहा वर्षे न्यायालयात घालवली होती. त्याच भाषणात सामाजिक आणि आर्थिक विषमता लवकर दूर झाली नाही तर तिचे चटके सोसणारे ही लोकशाहीच उधळून लावतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. ज्याला सनदशीर मार्गाने जा म्हणून सांगायचे, त्याच्या आयुष्यात तो मार्ग कुठेतरी पोहोचला पाहिजे, ही जबाबदारी मग सांगणाऱ्यावर येते. अर्धेच भाषण उद्धृत करणारे ती टाळतात.

इतरांनी मोजायच्या किमतीचा प्रश्न पुढच्या भागात आणखी तीव्र होईल. १९३० चा जंगल सत्याग्रह पाहू, आणि त्यातही उरणजवळचे चिरनेर, जिथे २५ सप्टेंबरला गोळीबार झाला.