बारा तुकड्यांची सेना

'दे बेलिस अँटिक्विटाटिस' हे नाव जिभेला जड, म्हणून खेळणारे नुसतं 'डीबीए' म्हणतात. १९९० साली इंग्लंडच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने छोट्या सैनिकांनी पटावर लढाया खेळण्याचं हे छोटं नियमपुस्तक काढलं. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट हे त्याचे मुख्य कर्ते. सुमारे ६० सेंटिमीटरचा चौकोनी पट, प्रत्येकाकडे १२ तुकड्या, आणि तासाभरात निकाल. एका तुकडीसाठी ४० मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर बोटाच्या पेरापेक्षाही लहान, हाताने रंगवलेले सैनिक. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडण्यात रमलेल्या कुणालाही हा नाद लगेच कळेल. मराठ्यांची सेना मात्र इथे मांडता येत नाही. इसवी सनापूर्वी ३००० पासून सुरू होणारा या खेळाचा कालपट १५०० सालाच्या आसपास, म्हणजे शिवकाळाच्या बराच आधी, थांबतो.

याच गटाचे आधीचे नियम जाडजूड होते. पडलेल्या माणसांची मोजदाद आणि तक्त्यांवर तक्ते. डीबीएने ते सगळं बाजूला सारलं. माझ्या मते त्यामुळेच तो प्राचीन लढाईच्या अधिक जवळ गेला.

याचं मर्म एका फाशात आहे. पाळी आली की फासा टाकायचा. जितका आकडा, तितकेच हुकूम. सलग उभी असलेली अख्खी रांग एका हुकुमात पुढे सरकते, पण ती विस्कटली की प्रत्येक तुकडी वेगळा हुकूम मागते. डावीकडे घोडदळ अडकलंय, उजवीकडे रांग फुटतेय, आणि फाशावर पडतो एक! कुणाला वाचवायचं? कर्णे आणि निशाणांवर चालणाऱ्या सेनांमध्ये, एकदा झुंज जुंपली की सेनापतीचा शब्द फार दूर पोचत नसे. ती हतबलता हा एकच फासा खेळणाऱ्याच्या अंगावर आणतो.

दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकून त्यात आपापला गुणांक मिळवायचा. कमी पडेल ती मागे हटते. बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असेल तर सहसा पटावरून उचलली जाते. काही जोड्यांना वेगळा न्याय आहे. गॉल योद्ध्यांची झुंड रोमन तलवारींपुढे गुणांकात कमी, पण ती जिंकलीच तर थोड्या फरकानेही रोमन तुकडी संपवते. समोरच्यापेक्षा जास्त आणि किमान ४ तुकड्या गमावल्या की लढाई हरली.

हत्तींचे नियम मला सर्वांत आवडतात. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाचे हत्ती अलेक्झांडरच्या फळीवर चालून गेले. हलक्या पायदळाने माहुतांना आणि हत्तींना भाल्या-बाणांनी घायाळ केलं, आणि बिथरलेल्या हत्तींनी आपलेच लोक तुडवले, असं प्राचीन इतिहासकार अरायन सांगतो. डीबीएतही हत्ती जबरदस्त, पण हलवायला जादा हुकूम लागतो. हलक्या पायदळाकडून हरले की थेट नष्ट. आणि मागे हटताना वाटेत येणारी आपलीच तुकडी चिरडतात. हे सगळं मोजक्या ओळींत मावलंय. म्हणून पोरसाची बाजू घेणारा दोन गोष्टी लवकर शिकतो: हत्तींच्या मागे जागा मोकळी ठेवायची, आणि शत्रूचे भालाफेके जवळ येण्याआधी आपले तिरंदाज त्यांच्यावर सोडायचे.