घसारा झाला, उपयोग उरला

व्यापारी घरात प्रत्येक वस्तूला दोन किमती असतात. एक वहीतली, दुसरी वापरातली. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढल्यास वहीतील किंमत दरवर्षी उतरते, परंतु शून्यावर कधीच येत नाही. टीव्हीमागे धूळ खात लटकणाऱ्या जुन्या क्रोमकास्टकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

गूगलने हे बोटभर यंत्र जुलै २०१३ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला विक्रीस आणले. भारतात ते डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांस मिळू लागले. त्यामुळे साधा टीव्हीदेखील वाय-फायद्वारे मोबाइलशी जोडता आला. पुढे टीव्ही संचांतच ही सोय आली आणि क्रोमकास्ट मागे पडले. पहिल्या आवृत्तीला कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा २०२३ मध्ये थांबल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्पादनही बंद करण्याचे जाहीर झाले.

मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकाएकी अडली. यंत्रांत बिघाड नव्हता. आतील डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. माल भरलेल्या दुकानाचा परवानाच नूतनीकरणाविना राहावा, तसा हा प्रकार. यंत्र घाईने मूळ स्थितीत आणू नये, असे कंपनीने कळविले होते. ज्यांनी धीर धरला, त्यांची यंत्रे दुरुस्ती येताच पूर्ववत चालली. ‘बंद पडले’ आणि ‘निकामी झाले’ यांत अंतर असते, ते असे.

चालू स्थितीतील जुन्या क्रोमकास्टला कामे पुष्कळ आहेत. पेढीवरील जुन्या टीव्हीला ते जोडल्यास संगणकावरील क्रोम ब्राउझरमधून नव्या मालाची छायाचित्रे वा भावपत्रक गिऱ्हाइकासमोर मोठ्या पडद्यावर दाखविता येते. आजी-आजोबांच्या खोलीत फोनमधील लग्नकार्याची व प्रवासाची चित्रणे पाहता येतात. व्हीएलसी या मोफत अ‍ॅपमध्ये २०१८ पासून ही सोय आहे. एचडीएमआय जोडणी असलेल्या प्रोजेक्टरला लावल्यास सभागृहातील व्याख्यानालाही ते उपयोगी पडते.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. ज्या यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत, ते हिशेबाच्या व बँक व्यवहारांच्या वाय-फायवर जोडू नये. राउटरवर त्यासाठी वेगळे जाळे करावे. फोन आणि यंत्र दोन्ही त्याच जाळ्यावर ठेवावीत. काही राउटर पाहुण्यांसाठीच्या जाळ्यावरील साधनांचा परस्परांशी संपर्क रोखतात. तेथे सेटिंग बदलावी लागते.

घरात काम उरले नसेल, तर यंत्र गरजूस द्यावे. तत्पूर्वी त्यावरील बटण सुमारे २५ सेकंद, दिवा लुकलुकू लागेपर्यंत, दाबून धरावे. म्हणजे वाय-फाय व खात्याच्या नोंदी पुसल्या जातात.

आणि खरोखरच निकामी झाले, तर ते भंगारात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार अशा वस्तूंचा पुनर्वापर नोंदणीकृत संस्थांमार्फत होणे अपेक्षित आहे. वहीतून वस्तू वजा करण्यापूर्वी तिचा उरलेला उपयोग तपासणे आणि वजा केल्यावर ती योग्य हाती सोपविणे, एवढे झाले की हिशेब पूर्ण होतो.