फळबागेतील कीड-रोग सर्वेक्षण : नोंदीतील आकडा कसा वाचावा

आंबा, डाळिंब, केळी, संत्रा, मोसंबी व चिकू या पिकांसाठी महाराष्ट्रात २०११-१२ पासून ‘हॉर्टसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राबविला जात आहे. कीड सर्वेक्षकाने निवडक बागांत घेतलेली निरीक्षणे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राने विकसित केलेल्या संगणक प्रणालीत भरली जातात. त्यांवरून कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञ सल्ला तयार करतात आणि कृषी विभागामार्फत तो लघुसंदेशाने शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र शासनाची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही सुरू झाली असून तीत शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून किडीचे छायाचित्र पाठविता येते. साधने वाढली, परंतु झाडापाशी उभ्या असलेल्या माणसाने काय मोजले, यावरच सल्ल्याची गुणवत्ता आजही अवलंबून आहे. नोंदवहीत आकडा असतो, पण तो पुष्कळदा चुकीचा वाचला जातो.

फळमाशीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आंबा व पेरूच्या बागेत लावल्या जाणाऱ्या मिथिल युजेनॉलच्या सापळ्यात केवळ नर माश्या येतात. फळाच्या सालीखाली अंडी घालणारी मादी त्यात सापडत नाही. त्यामुळे सापळ्यातील संख्या म्हणजे फळांचे नुकसान नव्हे. परिसरात प्रौढ माश्या किती प्रमाणात वावरत आहेत, याचा तो निर्देश आहे. एका आठवड्याच्या आकड्यापेक्षा सलग आठवड्यांतील चढ-उतार अधिक सांगतो. एका सापळ्यात पाच माश्या, पुढील आठवड्यात बारा, त्यापुढील आठवड्यात तीस असे दिसले आणि फळे पक्वतेकडे झुकली असतील, तर निर्णय लांबविण्यास वाव उरत नाही. तीच तीसची संख्या फळे कोवळी व टणक असताना आली, तर पडलेली फळे गोळा करून नष्ट करणे व सापळे सांभाळणे एवढ्यावर भागू शकते. अळी फळात वाढते, कोष मात्र जमिनीत जातो. म्हणून झाडाखाली कुजणारे फळ हा पुढील पिढीचा साठा असतो. सापळा नियमितपणे रिकामा केला नाही, किंवा गंधद्रव्य उडून गेल्यावर बदलले नाही, तर माश्या कमी झाल्याचा आभास निर्माण होतो. सापळा रिकामा केल्याची व गंधद्रव्य बदलल्याची तारीख नोंदवहीत नसेल, तर त्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

या किडीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे हापूस बागायतदारांनी अनुभवले आहे. २०१३ मध्ये भारतातून युरोपीय संघात गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी व अन्य किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, आंबा व चार भाज्यांच्या आयातीवर तेथे बंदी आली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. निर्यातीपूर्वी उष्णजल प्रक्रिया केली जाते. पण बागेतच माश्यांची संख्या आटोक्यात असली, तर त्या प्रक्रियेवरील भार कमी होतो.

आंब्यावरील तुडतुड्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. प्रति मोहोर पाच तुडतुडे ही सर्वसाधारणपणे वापरली जाणारी आर्थिक नुकसान पातळी आहे. मोजणी कोणत्या वेळी केली, यावर हा आकडा बराच हलतो. उन्हे चढल्यावर फांदीला हात लागताच प्रौढ उडून जातात. सकाळच्या गारव्यात ते संथ असतात. पिल्ले मोहोराच्या दांड्याला चिकटून रस शोषतात व त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. पिल्ले आणि प्रौढ वेगळे नोंदविणे म्हणूनच उपयुक्त ठरते. प्रौढ अधिक व पिल्ले नगण्य असतील, तर कीड नुकतीच येत आहे; पिल्ले अधिक असतील, तर ती मोहोरावर स्थिरावली आहे. झाडाच्या चारही दिशांचा मोहोर पाहणे आवश्यक असते, कारण दाट सावलीच्या बाजूस तुडतुडे अधिक असतात. दर आठवड्यास तीच झाडे, शक्यतो तोच वार. त्या झाडांवर काही आढळले नाही तर तेथे शून्य लिहावे, रकाना मोकळा सोडू नये. मोकळा रकाना म्हणजे कीड नव्हती की सर्वेक्षक गेला नव्हता, हे दिल्लीत बसून प्रणाली पाहणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही.

एका प्रदेशाचे वेळापत्रक दुसऱ्या प्रदेशास लागू पडत नाही. कोकणात हिवाळ्याच्या प्रारंभापासून पालवी व मोहोरावर लक्ष ठेवावे लागते. दिल्ली परिसरात व पश्चिम उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात मोहोर उशिरा येतो आणि तुडतुड्यांचा जोर साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतो. शिवाय तेथे डिसेंबरअखेर जमिनीतील अंड्यांतून बाहेर पडणारी पिठ्या ढेकणाची पिल्ले खोडावरून वर चढतात. त्यांची टेहळणी मोहोरावर करणे म्हणजे उशीर झालाच. ती खोडाच्या तळाशी करावी लागते आणि खोडाभोवती प्लास्टिकचा पट्टा पिल्ले निघण्यापूर्वीच बांधावा लागतो. उत्तरेतील सल्ला जसाच्या तसा रत्नागिरीत पुढे पाठविणाऱ्या व्हॉट्सॲप गटांमुळे अनावश्यक फवारण्या वाढतात, आणि एकाच गटातील कीटकनाशक वारंवार वापरल्यास फुलकिडे डोके वर काढतात.

काही किडी दिवसा बागेत दिसतच नाहीत. विदर्भातील संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे पिकू लागतात तेव्हा रस शोषणारे पतंग रात्री येतात. सकाळी गळालेली फळे दिसतात आणि संशय बुरशीवर जातो. गळालेल्या फळावर बारीक छिद्र आहे का, हे पाहून नोंद करावी आणि अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बागेत एक फेरी मारावी. या पतंगांच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत. त्या बांधावरील गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढतात. सर्वेक्षणाची हद्द त्यामुळे कुंपणाबाहेर जाते. संत्र्यावरील सिला ही कीड मात्र नवतीवरच अंडी घालते. नवती फुटली नसेल तेव्हा मोजलेल्या कमी संख्येवरून निश्चिंत होऊ नये.

रोगांचे सर्वेक्षण या पद्धतीने होत नाही. किडीच्या बाबतीत ठरावीक पातळीपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते. डाळिंबावरील तेल्यासारख्या जिवाणूजन्य रोगात ठिपका दिसेपर्यंत थांबले, तर संसर्ग आधीच होऊन गेलेला असतो. तेथे पाऊस, वारा व हवेतील आर्द्रता यांची नोंद ठिपक्यांच्या मोजणीइतकीच महत्त्वाची आहे, कारण पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणू झाडाझाडांवर पसरतात. मृग बहारात हा धोका अधिक असतो. म्हणूनच रोगग्रस्त पट्ट्यांत हस्त बहाराचा विचार सुचविला जातो. आंब्यावरील भुरीसाठी मोहोराच्या काळातील थंड रात्री व दमटपणा, करप्यासाठी अवकाळी पाऊस व दव, या नोंदी ठिपके मोजण्यापूर्वीच इशारा देतात. डाळिंबाच्या नोंदवहीत पावसाच्या तारखांशेजारी छाटणीची तारीख, कात्रीचे निर्जंतुकीकरण केले की नाही, आणि रोपे कोणत्या बागेतून आणली, यांसाठीही एक रकाना ठेवावा.