लहान बोट, मोठी नदी : योजना करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या व्याख्यानात आपण निर्णय आणि निवड या दोन कल्पनांमधला फरक पाहिला. शेवटी एक प्रश्न उरला होता : पुढे काय होणार हे माहीत नसताना योजना करायची, म्हणजे नेमकं काय करायचं? आज आपण हा प्रश्न एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण असं की दोन माणसं, एक लहान मोटरबोट आणि एक लांबलचक नदी. बोट साधारण सात मीटरची, आत झोपण्यापुरती जागा, एक छोटी शेगडी आणि मागे इंजिन. नदी आहे डॅन्यूब.

डॅन्यूबच का? एक तर या नदीवरून लहान बोटी घेऊन लोक खरोखरच समुद्रापर्यंत जातात. दुसरं म्हणजे ही नदी अगदी नीट मोजलेली आहे, त्यामुळे आपल्याला हवेत बोलावं लागणार नाही. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ती उगम पावते, सुमारे २,८५० किलोमीटर वाहते, दहा देशांना स्पर्श करते आणि काळ्या समुद्राला मिळते. मोठ्या जहाजांची वाहतूक जर्मनीतल्या केलहाइमपासून सुरू होते. तिथपासून मुखाजवळच्या सुलीना या गावापर्यंत सुमारे २,४१५ किलोमीटर भरतात. आपण हाच टप्पा धरू.

या नदीवर एक गंमत आहे. काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत, पण मोजणी उगमापासून नाही, समुद्रापासून आहे. सुलीना म्हणजे शून्य. बेलग्रेड ११७०, बुडापेस्ट १६४७, व्हिएन्ना साधारण १९३०. म्हणजे केलहाइमहून निघालेल्या माणसाला रोज आकडा कमी होताना दिसतो. ॲरिस्टॉटलने विचारविनिमयाबद्दल नेमकं हेच सांगितलं आहे : आपण साध्यापासून सुरुवात करतो आणि मागे मागे येत आत्ता, इथे काय करता येईल तिथवर पोचतो. विचारात जे शेवटी येतं ते कृतीत पहिलं येतं. तेव्हा आपणही शेवटापासून सुरुवात करू. शून्यावर पोचल्यावर बोटीचं काय करायचं?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. थोडं गणित करू. समजा, आपल्या बोटीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी १० किलोमीटर आहे आणि इंजिन तासाला ५ लिटर इंधन पितं. प्रवाहाची ओढ ताशी ६ किलोमीटर धरू. खाली जाताना वेग झाला १६. शंभर किलोमीटरला सव्वासहा तास आणि सुमारे ३१ लिटर. आता बोट उलटी फिरवा. दहातून सहा गेले, उरले चार. तेच शंभर किलोमीटर, पण आता २५ तास आणि १२५ लिटर. चौपट! अंतर तेच, बोट तीच, माणसंही तीच. आणि धरणामागच्या फुगवट्यात, जिथे पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, तिथे दहा तास आणि ५० लिटर. म्हणजे नकाशावर एकसारखे दिसणारे शंभर किलोमीटर प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नदीवरचा हिशेब किलोमीटरात करायचा नसतो, तासांत आणि लिटरमध्ये करायचा असतो.

यातून आपल्या योजनेतला पहिला निर्णय निघतो. परतीचा प्रवास नदीने होणार नाही. बोट ट्रेलरवर चढवून रस्त्याने आणायची, आणि ती व्यवस्था निघण्याआधी करायची. 'बघू तिथे गेल्यावर' हे उत्तर इथे चालत नाही, कारण प्रत्येक तासाला परतीची किंमत वाढत असते.

आता दिवस. रोज ७५ किलोमीटर धरले तर २,४१५ किलोमीटरला ३२ दिवस लागतात. हा आकडा पाहून कुणी ३३व्या दिवसाचं विमानाचं तिकीट काढलं, तर त्याने योजना केली असं म्हणता येणार नाही. वारा, पाऊस, बिघडलेलं इंजिन, लॉकसमोरची वाट, किंवा नुसता थकवा, यांतला प्रत्येक अडथळा कधी येईल ते सांगता येत नाही, पण यांतलं काही ना काही येणार हे नक्की सांगता येतं. एकेका घटनेबद्दलचं अज्ञान आणि एकूण प्रवासाबद्दलचं ज्ञान एकत्र नांदू शकतात. म्हणून ३२ दिवसांच्या प्रवासाला दोन महिने राखून ठेवावेत. रिकामे दिवस हे योजनेतलं भोक नसतं, तो योजनेचा भागच असतो. कारण सुटीचे दिवस मोजून घेतलेला माणस वादळातही बोट काढतो. नदीवरचे बरेच अपघात 'आज पोचायलाच हवं' या वाक्यापासून सुरू होतात.

निघायचं कधी? मे-जूनमध्ये आल्प्सचं बर्फ वितळतं, त्यात पाऊस पडला की पूर येतो. जून २०१३मध्ये पासाउ शहरात पाण्याने १२.८९ मीटरची पातळी गाठली होती. १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. पुरात वाहतूक बंद करतात, आणि पूर ओसरल्यावरही ओंडके वाहत येत असतात. लहान बोटीच्या पंख्याला एक ओंडका पुरतो. उलट ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी उतरतं. १९४४ साली माघार घेताना जर्मन आरमाराने आपलीच जहाजं सर्बियातल्या प्राहोवोजवळ बुडवली होती. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांचे सांगाडे पाण्यावर आले. शिवाय सर्बियात कोशावा नावाचा आग्नेयेकडचा वारा आहे. तो विशेषतः शरद आणि हिवाळ्यात जोर धरतो. गोलुबाट्सच्या किल्ल्यापाशी नदी काही किलोमीटर रुंद होते, तिथे या वाऱ्याने समुद्रासारख्या लाटा उठतात. या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की जुलैच्या सुरुवातीला निघणं आणि ऑगस्ट संपायच्या आत गोलुबाट्स मागे टाकणं हे शहाणपणाचं दिसतं.

पाण्याच्या पातळीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. काठावरची मोजपट्टी '२१०' दाखवते म्हणजे तिथे २१० सेंटिमीटर खोल पाणी आहे, असं अजिबात नाही. त्या पट्टीचं शून्य कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, ते नदीच्या तळाशी असेलच असं नाही. म्हणून डॅन्यूबवर प्रत्येक ठिकाणासाठी एक संदर्भपातळी ठरवतात : बर्फाचा काळ वगळता वर्षातले ९४ टक्के दिवस पाणी जिच्यावर असतं, ती पातळी. आजचा आकडा तिच्याशी ताडून पाहिला की मगच तो बोलू लागतो. आकड्याचा अर्थ त्याच्या शून्यावर अवलंबून असतो, हे तर्कशास्त्राच्या वर्गात सांगून पटत नाही. बोट एकदा गाळात बसली की लगेच पटतं.

केलहाइम ते समुद्र या वाटेवर १८ लॉक आहेत. लॉक म्हणजे धरणाशेजारची पाण्याची पायरी. बोट एका मोठ्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी उतरतं, पुढचं दार उघडतं. त्यांतले पंधरा व्हिएन्नापर्यंतच्या सुमारे ५०० किलोमीटरांत आहेत. पुढे स्लोव्हाकियात गाबचिकोवो, सुमारे वीस मीटरची उतरण. त्यानंतर पावणेनऊशे किलोमीटर एकही नाही. मग येतो आयर्न गेट, म्हणजे लोखंडी दरवाजा. तिथे दोन धरणं आहेत आणि पहिल्याच धरणाशी दोन टप्प्यांत मिळून तीसेक मीटर खाली उतरायचं असतं. मालवाहू जहाजांना प्राधान्य असतं, त्यामुळे लहान बोटीने एकेका लॉकला दीड-दोन तास धरावेत. आणि आत असताना दोर कधीही गाठ मारून बांधायचा नाही. खुंटीभोवती वेढा द्यायचा, टोक हातात ठेवायचं आणि पाणी उतरेल तसं सोडत जायचं. गाठ मारली तर पाणी खाली जाईल आणि बोट भिंतीला लटकेल.

इतर जहाजांबद्दल थोडक्यात. ढकलबोटीने पुढे लावलेल्या तराफ्यांच्या तांड्याला चटकन थांबता येत नाही, आणि त्याच्या नाळेसमोरचं काहीशे मीटर पाणी चालकाला दिसतच नाही. लहान बोटीने बाजूला व्हायचं, हा नियम आहे आणि शहाणपणही. समोरून वर येणाऱ्या जहाजाने निळी पाटी आणि लुकलुकणारा पांढरा दिवा दाखवला, तर ते आपल्या उजव्या बाजूने जाणार. नदीचा उजवा-डावा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात : उजवीकडे लाल तरंडे, डावीकडे हिरवे. आपण वर जात असलो तरी नदीचा उजवा काठ बदलत नाही. या खुणा आणि नियम येतात याचा परवाना लागतो, तोही निघण्याआधीच.

कागदपत्रांत एक खाचखळगा आहे. सर्बिया शेंगेन क्षेत्रात नाही. हंगेरीतल्या मोहाचला बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा आणि पुढे रोमानिया किंवा बल्गेरियात पुन्हा आत यायचं. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्याने एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतला, तर त्याचा प्रवास अर्ध्यातच संपला. इंधनाचंही तसंच. खालच्या पट्ट्यात पाण्यावरचे पंप फार विरळ आहेत. कॅन घेऊन गावातल्या पंपावर चालत जायची तयारी हवी आणि टाकीतला एक तृतीयांश भाग नेहमी राखीव हवा.

आता सगळ्यात अवघड जागेपाशी येऊ. समुद्राच्या आधी, गालात्स ओलांडल्यावर, नदीचा काही भाग रोमानिया आणि युक्रेन यांची सीमा आहे. पलीकडच्या तीरावर रेनी, पुढच्या फाट्यावर इझमाईल. या दोन्ही बंदरांवर जुलै-ऑगस्ट २०२३पासून ड्रोनहल्ले झाले आहेत. या वाटेला एक पर्याय आहे. ३००व्या किलोमीटरला चेर्नावोदा नावाचं गाव लागतं. तिथून १९८४ साली खुला झालेला ६४ किलोमीटरचा कालवा थेट कॉन्स्तांत्साजवळ काळ्या समुद्राला मिळतो.

म्हणजे ३००च्या पाटीपाशी आपल्याला ठरवायचं आहे : शून्यापर्यंत जायचं, की उजवीकडे वळायचं? त्या क्षणी आपली अवस्था बघा. दीड महिना आकडा कमी होताना पाहिलेला आहे. दोन हजारांवर किलोमीटर मागे पडलेले आहेत, आणि ते गेलेले किलोमीटर आता वकिली करायला लागतात : 'इतकं आलो, आता थोडक्यासाठी काय सोडायचं?' वास्तविक मागे पडलेल्या अंतराचा पुढच्या धोक्याशी काडीचाही संबंध नाही. पण थकलेल्या, उत्साहित माणसाला हे त्या जागी कळत नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्याला कदाचित कळत असतं, पण बोलायचा धीर होत नाही. म्हणून हा निर्णय घरी, जेवणाच्या टेबलावर, दोघांनी मिळून घ्यायचा आणि लिहून ठेवायचा : अमुक परिस्थिती असेल तर आपण ३००ला वळू, आणि दोघांपैकी एकाला जरी वळावंसं वाटलं तरी वळू, वाद न घालता.

आता आपला मूळ प्रश्न. ॲरिस्टॉटल म्हणतो की आचरणाच्या बाबतीत ठाम नियम सापडत नाहीत. वैद्यकात आणि नौकानयनात जसं प्रसंग पाहून वागावं लागतं तसंच इथेही. हे खरं आहे. पण म्हणून योजना व्यर्थ ठरते का? विसाव्या शतकात व्हिएन्नात, याच डॅन्यूबच्या काठच्या शहरात, ऑटो नॉयराथ या तत्त्ववेत्त्याने ज्ञानासाठी जहाजाची प्रतिमा वापरली. आपण भर समुद्रात जहाज दुरुस्त करणाऱ्या खलाशांसारखे आहोत, ते जहाज गोदीत नेऊन पायापासून बांधण्याची सोय आपल्याला नाही. प्रतिमा मोठी आहे, पण नदीवर एक फरक पडतो. नदीला काठ असतो. आपण प्रवाहावर ताबा मिळवू शकत नाही, पाण्याची पातळी ठरवू शकत नाही. काठाला कुठे लागायचं, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं.

म्हणून लांब प्रवासाच्या वहीत रोजच्या पानावर तीन ओळी असाव्यात. आज कुठे थांबायचं. तिथवर जमलं नाही तर त्याआधी कुठे थांबता येईल. आणि काय झालं तर आज निघायचंच नाही. बाकी सगळं, गावं, किल्ले, जेवण, गप्पा, नदीवर सोडावं; त्यासाठीच तर निघायचं. भविष्य ओळखणं ही योजनेची कसोटी नाही. आपली बुद्धी जेव्हा सर्वांत कमी भरवशाची असेल, त्या वेळेसाठी चांगल्या वेळी घेऊन ठेवलेले निर्णय, ती योजना.

लहान बोट ज्यांच्याकडे नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळेच, त्यांनी आजारपण, म्हातारपण, घराचं कर्ज यांच्या बाबतीत ही तीन ओळींची वही उघडून बघावी. तिसरी ओळ लिहायला सर्वांत जड जाते. ती का जड जाते, या विषयाकडे आपण पुढच्या व्याख्यानात वळू.